टेन्शनवर गोळी असते का?

माझ्या मेडिकलमध्ये नैराश्यावरचं औषध मागायला कुणी येत नाही. येतात ते अंगदुखीचं, आम्लपित्ताचं, नाहीतर ‘शक्तीचं काहीतरी’ मागायला. जामखेडला बाजाराच्या दिवशी बी-कॉम्प्लेक्सच्या पट्ट्या जेवढ्या खपतात, तेवढी जीवनसत्त्वांची टंचाई इथल्या अंगांत असेल असं मला वाटत नाही. “भाऊ, आंग गळून जातंय, डोकं बधिर झालंय, जेवण जात नाही.” मी पट्टी काढेपर्यंत पुढचं वाक्य येतं, “पहाटं तीनलाच जाग येती, मंग डोळा लागत नाही.” हे वाक्य ऐकलं की मी पट्टी काउंटरवर ठेवत नाही. आधी दोन प्रश्न विचारतो.

मी डॉक्टर नाही, डी.फार्म. आहे. निदान करणं माझं काम नाही. पण कुणाला डॉक्टरकडे धाडायचं एवढं कळायला हवं. पहिला प्रश्न, हे किती दिवस चाललंय? दुसरा, ज्यात पूर्वी जीव रमायचा त्यात अजून रमतो का? भजनी मंडळ, नातवंडं, म्हशीची धार, काहीही. दोन आठवड्यांहून जास्त दिवस, जवळजवळ रोज, मन उदास असेल किंवा कशातच गोडी वाटत नसेल आणि सोबत झोप, भूक, ताकद बिघडली असेल, लक्ष लागत नसेल, ‘मी घराला ओझं झालोय’ असं वाटत असेल, तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. आमच्याकडे माणूस यातलं अंगाचं तेवढं सांगतो. मनाचं विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

विचारलं की मात्र सगळं येतं, आणि कारणासकट येतं. कांद्याचा भाव पडला. नवरा पितो. पोरीचं जमत नाही. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल फिटली नाही. “टेन्शन आलंय भाऊ, त्याला गोळी थोडीच असती?”

शहरातल्या लोकांची एक समजूत असते, की खेड्यात मनाचं काही बिघडलं की सगळे भूतबाधा आणि करणी म्हणतात. आमच्याच भागानं ही समजूत खोटी पाडली आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडमध्ये समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावांनीच निवडलेल्या, बहुतेक अक्षरओळखही नसलेल्या बायकांना त्यांनी आरोग्य सेविका म्हणून घडवलं. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे नगरकरांना सांगायला नको. मनाच्या आजारांवर याच प्रकल्पाच्या गावांत झालेलं काम मात्र फारसं कुणाला ठाऊक नाही. मेलबर्नच्या मिशेल कर्मोड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ च्या अखेरीस इथे पाहणी केली. २४० गावकरी आणि ६० आरोग्य सेविकांना दोन माणसांच्या गोष्टी सांगितल्या. एकाला नैराश्य होतं, दुसऱ्याला भास आणि संशय. मग विचारलं, हे कशामुळे झालं असेल? सगळ्यांत जास्त उत्तरं आली ती गरिबीची, बेकारीची, घरातल्या ओढाताणीची. दैवी कोप, बाहेरची बाधा असं म्हणणारे थोडे निघाले.

कुणी म्हणेल, वही-पेन घेऊन बसलेल्या पाहुण्यासमोर माणूस करणीचं नाव काढत नाही. असेलही. सेविकांनी वर्षानुवर्षं केलेल्या कामाचाही त्यात वाटा असणार. पण काउंटरवर मी जे ऐकतो ते या पाहणीशी जुळतं. आमच्या माणसाला कारण बरोबर कळतं, आणि घोडं अडतं ते तिथेच. कारण कर्ज आहे, मग डॉक्टर काय कर्ज फेडणार? कारण नवऱ्याची दारू आहे, मग गोळी मी कशाला खाऊ? क्षयरोगही दाटीच्या घरात, अर्धपोटी अंगाला जास्त धरतो. म्हणून घर बांधून होईपर्यंत क्षयाची गोळी थांबवा, असं कुणी म्हणत नाही. नैराश्याला हाच न्याय लावायला आपण तयार होत नाही. कर्ज फेडायलासुद्धा सकाळी उठावं लागतं, बँकेत जाऊन बोलावं लागतं. आजार नेमकी तीच ताकद काढून घेतो.

आता गोळ्यांचं. इस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही आज नैराश्यासाठी आणि काळजीच्या आजारासाठी नेहमी लिहिली जाणारी औषधं. ती झोपेची नाहीत आणि त्यांची चटक लागत नाही. त्यांची अडचण वेगळी आहे. त्रास पहिल्या आठवड्यात होतो आणि गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळतं, पोट बिघडतं, एखाद्याला जास्तच बेचैन वाटतं. चौथ्या दिवशी माणूस उरलेली पट्टी घेऊन परत येतो, “ही गरम पडली, बदलून द्या.” त्यामुळे पहिल्याच दिवशी मी कागदावर लिहून देतो, की जेवणानंतर घ्या, मळमळ बहुधा आठवडाभरात जाते, फारच बेचैनी वाटली तर डॉक्टरांना फोन करा, मनानं बंद करू नका. बरं वाटल्यावरही सहसा सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावं लागतं आणि बंद करताना मात्रा हळूहळू उतरवावी लागते. एकदम सोडलं तर चक्कर येते, डोक्यात करंट मारल्यासारखं होतं. लोकांना वाटतं, सवय लागली.

खरी सवय लागते ती दुसऱ्याच गोळीची, आणि ती मात्र लोक नावानं मागतात. अल्प्राझोलामनं अर्ध्या तासात बरं वाटतं, म्हणून तर ती गोड लागते. थोड्या दिवसांसाठी डॉक्टर देतात तेव्हा ती कामाची असते. शेजारणीच्या चिठ्ठीवर वर्षभर खाल्ली की एकीच्या जागी दोन लागतात, आठवण कमी होते, म्हातारी माणसं रात्री उठताना पडतात. २०१४ पासून ती एच-वन यादीत आहे. डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती गोळ्या दिल्या, सगळं रजिस्टरला चढवून ते तीन वर्षं जपावं लागतं. चिठ्ठीशिवाय नाही म्हटलं की काही गिऱ्हाइकं माझ्यावर रुसतात. रुसू देत.

काळजीचा आजार कधी झटक्यानंही येतो. छातीत धडधड, घाम, श्वास कोंडणं, ‘आता मी मरतो’ असं वाटणं, दहाएक मिनिटांत कळस आणि मग ओसरणं, हा पॅनिक अटॅक. पहिल्या वेळी हृदयाची तपासणी करायलाच हवी. तिसऱ्यांदा ईसीजी चांगला आल्यावर मात्र चौथा काढू नये, मानसोपचारतज्ज्ञ गाठावा.

गोळीइतकाच, आणि सौम्य आजारात गोळीच्या आधीचा उपचार म्हणजे बोलण्याचा. ‘नुसतं बोलून काय होतंय’ ही शंका मलाही होती. गोव्यात ‘संगत’ संस्थेनं डॉ. विक्रम पटेल यांच्याबरोबर एक प्रयोग केला. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, बऱ्यापैकी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या स्थानिक माणसांनी सहा ते आठ वेळा भेटायचं. उपदेश करायचा नाही. आजारानं सुटलेल्या कामांतलं एक छोटं काम आठवड्यासाठी ठरवायचं. देवळापर्यंत चालायचं, बहिणीला फोन करायचा. पुढच्या भेटीत काय झालं ते बघायचं आणि पुढचं काम ठरवायचं. मन बरं होण्याची वाट बघत बसायचं नाही. आधी हातपाय हलवायचे, मन मागून येतं. तीन महिन्यांनी अशा भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक आजारातून बाहेर आले होते, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. हे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले.

त्याच सुमारास अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. कापसाचा, शेतकरी आत्महत्यांचा तो पट्टा. गावातच काम करणारी माणसं, समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ अशी साखळी तयार केली. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले चार जण उपचार घेत होते, दीड वर्षात सत्तावीस घेऊ लागले. मला या आकड्यात उरलेले त्र्याहत्तरही दिसतात. पण चाराचे सत्तावीस होतात ते घराच्या ओट्यावर कुणी येऊन बसलं म्हणून, हेही दिसतं. आरोग्य सेविकांची जी पद्धत जामखेडनं दाखवली, तीच मनाच्या आजारांना लागू पडते. आमच्या जिल्ह्यात आशाताई गावोगाव आहेत. त्यांच्या पाठीवर आधीच कामांचा डोंगर आहे, म्हणून हे वेगळा मोबदला देऊन करायला हवं.

भास होणं, कुणी आपल्याला विष घालतंय असा पक्का संशय, एकट्यानंच बोलणं, हे स्किझोफ्रेनियात दिसतं आणि तो बहुधा ऐन पंचविशीच्या आत-बाहेर सुरू होतो. इथे मात्र ‘बाहेरचं’ म्हणणारे अजून आहेत. आधी देवऋषी, मग मढीला कानिफनाथांच्या पायाशी, मग दवाखाना, आणि मधे वर्ष-दोन वर्षं गेलेली. मी कुणाच्या श्रद्धेला हात लावत नाही. मढीला जरूर जा, गोळीचा डबा सोबत न्या, एवढंच सांगतो. भूत काढण्याच्या नावाखाली साखळीनं बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. ‘इंग्रजी औषध नको’ म्हणणाऱ्यांना मी सर्पगंधेची गोष्ट सांगतो. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच या मुळीचा वेडावर आणि रक्तदाबावर होणारा उपयोग लिहून ठेवला होता. पुढे १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिन आलं आणि आजच्या औषधांची वाट मोकळी झाली. या औषधांनी वजन वाढतं, काहींनी अंग ताठरतं. ते डॉक्टरांना सांगितलं तर औषध बदलता येतं. रोज गोळी घ्यायला तयार नसलेल्यांना महिन्याचं इंजेक्शनही असतं.

ज्यांना वेळेत काही मिळालं नाही आणि घरानंही सोडलं, त्यातल्या कितीतरी बायकांना डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांच्या माउली सेवा प्रतिष्ठाननं रस्त्यावरून उचलून नगरजवळ शिंगवे इथे घर दिलं आहे. तिथे गेलात तर ‘वेडी’ म्हणून टाकलेली बाई उपचारानंतर काय काय करते ते दिसेल.

द्विध्रुवीय आजारात कधी आठवडाभर झोप नको, खिसा रिकामा होईस्तोवर खर्च, मोठमोठ्या बाता, आणि कधी तळ गाठलेलं नैराश्य. त्यावर लिथियम फार गुणाचं आहे, पण त्याला शिस्त लागते. रक्ततपासणी चुकवायची नाही. आमच्याकडचा एप्रिल-मे लिथियमच्या पेशंटला वाईट. घामानं अंगातलं पाणी गेलं की रक्तातलं लिथियम चढतं. हात जोरात थरथरले, तोल गेला, उलट्या-जुलाब झाले तर त्याच दिवशी दवाखाना. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनीही ते चढतं, म्हणून लिथियमचं गिऱ्हाईक कंबरदुखीची गोळी मागायला आलं की मी हात आखडतो.

दारूबद्दल एकच सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्यांच्या शपथेखातर एका रात्रीत सोडली तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. सोडायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आणि फवारणीची बाटली. घरात कुणी ‘माझ्यामागं पोरांचं बघा’ असं बोलू लागलं, तर ‘जिवाचं काही करून घ्यायचा विचार येतो का’ हे सरळ विचारावं. विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही. येतो म्हटलं तर त्या माणसाला एकटं सोडू नये, फवारणीच्या औषधाच्या बाटल्या त्याच दिवशी घरातून हलवाव्यात आणि दवाखाना गाठावा. टेलिमानस या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा फोन ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तो फुकट, चोवीस तास आणि मराठीतून बोलणारा आहे. पोलीस केसच्या भीतीनं लपवालपवी करू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं आणि त्याच्यावर उपचार करणं ही सरकारची जबाबदारी ठरते.

देशातल्या बारा राज्यांत २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं. त्यात महाराष्ट्र नव्हता. गरज असूनही उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के निघालं. आमचा तालुका फार वेगळा असेल असं मानायला मला जागा दिसत नाही. जिल्हा रुग्णालय नगरला, इथून पाऊणशे किलोमीटर. रोजगार बुडवून, एसटीचं भाडं भरून, ‘कुठं गेली होतीस’ याचं उत्तर तयार ठेवून बाईनं दर महिन्याला तिथे जावं, ही अपेक्षा कागदावरच बरी. माझी मागणी साधी आहे. मानसोपचाराची ओपीडी तालुक्याच्या ठिकाणी बाजाराच्या दिवशी ठेवा. त्या दिवशी गावाबाहेर पडायला कुणाला कारण सांगावं लागत नाही. आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघालेल्या कोयत्याला, म्हणजे तोडणीच्या मजुराला, पंधरा दिवसांच्या गोळ्या देऊन भागत नाही. कारखान्याच्या फडातून तो उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतो. तब्येत स्थिर असेल तर डॉक्टरांनी जास्त दिवसांचं औषध आणि औषधांची नावं, मात्रा लिहिलेली चिठ्ठी द्यावी, म्हणजे कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात तीच औषधं पुढे चालवता येतील. ज्यांनी औषध लिहून आणलंय त्यांच्यासाठी ही चिठ्ठी मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देतो, कारण उसाच्या फडात कागद टिकत नाही.