भूकंप जाणवला नाही, लाट मात्र आली

शेतात अवचित पाणी शिरले की शेतकरी पहिला प्रश्न विचारतो, आले कुठून? धरणाचे सोडले की ओढा फुटला?

जपानमधील मिहो गावच्या मुखियाला, आपल्याकडचा पाटीलच म्हणा, सन १७०० च्या जानेवारीअखेर हाच प्रश्न पडला. समुद्र पुन्हा पुन्हा आत येत होता. त्याने म्हातारी माणसे आणि पोरेबाळे देवस्थानाकडे हलवली आणि सारे लिहून ठेवले. भूकंप मात्र कुणालाच जाणवला नव्हता. दूर उत्तरेला ओत्सुची येथे भातखाचरे खराब झाली. खारे पाणी शिरल्यावर जमिनीचे काय होते, हे आपल्या खारेपाटातील बंधूंना सांगायला नको.

त्या वेळी आपल्याकडे छत्रपती राजाराम महाराज हयात होते. ही लाट कुठली, याचे उत्तर मिळायला पुढे जवळजवळ तीनशे वर्षे लागली.

जपानचे केंजी साताके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली ते संगणकावर शोधले. रीत समजायला अवघड नाही. महासागराचे गटवारी नकाशासारखे लहान चौकोन पाडायचे व प्रत्येकात तिथली खोली भरायची. पाणी जितके खोल, तितकी लाट वेगवान. चार किलोमीटर खोलीवर ती ताशी सुमारे सातशे किलोमीटर धावते. मग समुद्रतळाला कल्पनेतला धक्का द्यायचा आणि लाट कुठे, केव्हा, किती उंच पोहोचते ते पाहायचे. आम्ही खताची कमी-जास्त मात्रा देऊन चाचणी घेतो ना, तसेच. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर लहान भूकंप धरला, तर जपानात पोहोचणारी लाट फारच बुटकी भरे. सुमारे ९ तीव्रतेचा धरला, तेव्हा जुन्या नोंदींशी मेळ बसला. लाटेला समुद्र ओलांडायला सुमारे दहा तास लागतात, हे वजा करता भूकंपाची वेळ निघाली २६ जानेवारी १७००, रात्री नऊच्या सुमारास!

तिकडच्या किनाऱ्यावर झाडांचीही साक्ष होती. जमीन खचून खारे पाणी मुळांत गेल्याने सिडारची रानेच्या राने उभी वाळली होती. त्यांच्या खोडातील शेवटचे वर्तुळ १६९९ च्या हंगामाचे निघाले.

गणित संगणकाने केले खरे, पण ताडून पाहायला जपानी गावांची दप्तरे नसती तर ते हवेतच राहिले असते. आमच्या खात्यात नोंदवही भरायचा कंटाळा करणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो. अचूकपणालाही मर्यादा आहे. २००३ च्या फेरगणितात तीव्रता ८.७ ते ९.२ अशी मोघमच धरावी लागली.

आपल्या अरबी समुद्रातही १९४५ साली मकरान किनाऱ्याजवळ भूकंप होऊन लाट मुंबईपर्यंत आली होती. हैदराबादचे सुनामी इशारा केंद्र २००७ साली सुरू झाले. मकरान आणि अंदमान-सुमात्रा या दोन्ही बाजूंच्या संभाव्य भूकंपांची अशी गणिते तिथे आधीच करून ठेवलेली असतात. धक्का बसताच त्यातले जुळणारे काढून कोणत्या किनाऱ्याला सावध करायचे ते ठरते.