कचेरीचें पत्र आणि घरचें पत्र

पत्र लिहितां येणें ही एक विद्या आहे असें हल्लीं कोणास सांगितलें, तर तो हंसतो. अक्षरओळख झाली कीं पत्र लिहितां आलेंच, अशी समजूत सर्वत्र आहे. माझीही कांहींशी तशीच होती. छत्तीस वर्षें मुलांना पत्रलेखन शिकविलें. तेव्हां आपणांस तें येत नसेल, अशी शंका मनास शिवण्याचें कारणच नव्हतें. परंतु गेल्या वर्षीं आषाढांत आमच्या घरांतील दोन पत्रें फसल्याचें एकाच संध्याकाळीं उघडकीस आलें. एक माझें, आणि दुसरें माझ्या थोरल्या बंधूंच्या नातीचें. त्या फजितींतून आम्हां दोघांस जें शिकावयास मिळालें, तें वाचकांच्या घरींही उपयोगी पडेल, म्हणून येथें मांडतों.

माझ्या वेतनांतील फरकाची कांहीं रक्कम एका कचेरींत अडकून पडली होती. वहिनींच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेस त्या पैशांची गरज होती. मार्गशीर्षांत मीं सुवाच्य अक्षरांत तीन पानांचें पत्र लिहून टपालांत टाकलें. पहिल्या पानावर अधिकाऱ्यांच्या कर्तव्यदक्षतेची स्तुति, दुसऱ्यावर माझ्या सेवेचा इतिहास, आणि तिसऱ्या पानाच्या तळाशीं, संकोचत संकोचत, पैशांची गोष्ट. निवृत्तिवेतनाचा क्रमांक घालावयाचा राहूनच गेला. आठ महिने उत्तर आलें नाहीं, आणि मी मात्र त्या कचेरीस दूषणें देत बसलों.

नातीची गोष्ट ह्याच्या अगदीं उलट. ती पुण्यास एका कंपनींत नोकरीस आहे. दिवसाकांठीं चाळीस-पन्नास ई-मेल लिहिणें हा तिच्या हातचा मळ. तिची आत्या, म्हणजे आमची नागपूरची पुतणी, दोन वर्षांमागें निवर्तली. माघांत वर्षश्राद्ध उरकल्यावर आमच्या जांवयांनीं ह्या मुलीस एक लांबलचक ई-मेल पाठविला. घर रिकामें वाटतें, हात कामास लागत नाहीं, आणि आत्याची पेटी तूं घेशील काय, असा त्यांतील मजकूर. हिच्या शिक्षणास त्या दोघांनीं हातभार लावलेला. हिनें कामाच्या गर्दींत उत्तर धाडलें तें तीन शब्दांचें : ‘नोटेड. विल रिव्हर्ट.’ पुढें तें ‘रिव्हर्ट’ करावयाचें राहिलें. पाडव्यास नागपूरचा फोन आला नाहीं, आणि वहिनींच्या मनास तें फार लागलें. मुलगी गेली, आतां जांवईही दुरावले, असें त्या बोलून दाखवूं लागल्या.

त्या आषाढांतल्या संध्याकाळीं नातीनें माझ्या पत्राची प्रत वाचली आणि म्हणाली, “आजोबा, तुम्हांला काय हवें आहे तें तिसऱ्या पानावर आहे. त्या साहेबांनीं पहिलेंच पान वाचून ठेवून दिलें असेल.” मला राग आला. मीं विचारलें, “आणि तूं आतोबांना काय लिहिलेंस, तें वाच पाहूं मोठ्यानें.” तिनें तें वाचलें. तीन शब्द वाचावयास वेळ तो किती ! परंतु वाचून झाल्यावर ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं.

आमच्या दोघांच्या चुकीचें मूळ एकच होतें. मीं कचेरीस आप्तासारखें लिहिलें, आणि तिनें आप्तास कचेरीसारखें. भाषा दोघांचीही शुद्ध होती. परंतु पत्र कोणाच्या हातीं पडणार, ह्याचा विचार दोघांनींही केला नव्हता.

ह्या निमित्तानें मीं कौटिल्याचें अर्थशास्त्र पुनः उघडलें. ह्या ग्रंथाची पोथी म्हैसूरास १९०५ सालीं शामशास्त्री यांच्या हातीं लागली आणि १९०९ सालीं त्यांनीं ती छापून प्रसिद्ध केली. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत राजाचीं शासनपत्रें कशीं लिहावींत, ह्याचा एक स्वतंत्र अध्याय आहे. तेथें लेखाचे सहा गुण सांगितले आहेत : अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टत्व. प्रधान गोष्ट आधीं मांडणें हा अर्थक्रम. मागचें विधान पुढच्यानें खोडलें न जाणें हा संबंध. मजकूर, शब्द व अक्षरें कमी नसणें आणि जास्तही नसणें ही परिपूर्णता. ऐकावयास गोड व सहज समजणारा मजकूर म्हणजे माधुर्य, ग्राम्य शब्द टाळणें म्हणजे औदार्य, आणि सर्वांस ठाऊक असलेले शब्द योजणें म्हणजे स्पष्टत्व.

दोषही पांच दिले आहेत : अकांति, व्याघात, पुनरुक्त, अपशब्द व संप्लव. मळकें पान आणि वेडींवांकडीं, पुसट अक्षरें ही अकांति. हल्लीं रंगीबेरंगी अक्षरें आणि एकापुढें एक तीन तीन उद्गारचिन्हें हिची जागा घेतात. मागचें-पुढचें जुळत नाहीं तो व्याघात, तेंच तें सांगणें तें पुनरुक्त, लिंग-वचन-विभक्तींची चूक तो अपशब्द. आणि जेथें मजकूर तोडूं नये तेथें तोडणें व तोडावयास हवा तेथें न तोडणें, हा संप्लव. ही यादी नातीनें कागदावर उतरून घेतली आणि म्हणाली, “आमच्या कंपनींत ह्याच गोष्टी शिकवावयास दोन दिवसांचा वर्ग घेतात.”

अर्थक्रमाची कसोटी माझ्या पत्रास लावली, तेव्हां तें पहिल्याच पायरीवर घसरलें. मग आम्हीं दोघांनीं मिळून नवा ई-मेल लिहिला. तो असा :

विषय : वेतनांतील फरकाची थकित रक्कम मिळण्याबाबत, निवृत्तिवेतन क्रमांक अमुक.

महोदय,

माझ्या वेतनांतील फरकाची रक्कम मला अद्याप मिळालेली नाहीं. ती मिळावी, ही विनंती. मी अमुक तारखेस सेवानिवृत्त झालों. ह्याविषयीं अमुक तारखेस टपालानें अर्ज केला होता. त्याची प्रत सोबत जोडली आहे. आणखी एखादा कागद आवश्यक असल्यास कृपया कळवावें.

आपला विश्वासू,

आणि खालीं पूर्ण नांव, पत्ता व दूरध्वनीचा क्रमांक.

एवढेंच. ह्यांत स्तुति नाहीं, परंतु उद्धटपणाही नाहीं. वाचणाऱ्याचा वेळ वांचविणें हाच कचेरीच्या पत्रांतील खरा आदर होय. विषयाची ओळ कधींही कोरी सोडूं नये; ई-मेल उघडण्यापूर्वीं वाचणाऱ्यास तीच दिसते. जोडपत्र जोडलें आहे असें लिहावें आणि तें खरोखरच जोडलें आहे, हें पाठविण्यापूर्वीं पाहावें. ‘सीसी’ ही अक्षरें म्हणजे टंकलेखनाच्या काळांतील कार्बन कॉपी; ज्यांस केवळ माहिती हवी, त्यांचेंच नांव तेथें घालावें. ‘बीसीसी’मध्यें घातलेलें नांव इतरांस दिसत नाहीं, म्हणून तेथें जपून जावें. सर्वांस उत्तर धाडण्यापूर्वीं तें सर्वांस खरोखर हवें आहे काय, हें स्वतःस विचारावें. शिवाय २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें अशा लिखाणास कागदावरील लिखाणाप्रमाणेंच मान्यता दिली आहे. ई-मेल म्हणजे वाऱ्यावरचें बोलणें, असें समजूं नये.

कचेरींतही सगळींच पत्रें एका सुरांत लिहावयाचीं नसतात. शेजारच्या मेजावरील सहकाऱ्यास ‘महोदय’ म्हटलें, तर तो आपण रागावलों असें समजेल. त्यास नांवानें हांक मारावी, काम दोन ओळींत सांगावें, तें केव्हांपर्यंत हवें तें कळवावें आणि आभार मानावेत. तेथें सलगी चालते. मोघमपणा मात्र तेथेंही चालत नाहीं.

आतां घरचें पत्र. आपल्या पूर्वजांनीं ह्या बाबतींत केवढी बारकाई केली होती ! यादवांचा मंत्री हेमाद्रि, म्हणजे आपला हेमाडपंत, ह्यानें पत्रांचे मायने घालून दिले, अशी परंपरा आहे. शिवछत्रपतींनीं करविलेल्या राज्यव्यवहारकोशांत लेखनासाठीं एक निराळा वर्गच आहे. आईबापांस ‘तीर्थरूप’, इतर वडीलधाऱ्यांस ‘तीर्थस्वरूप’, धाकट्यांस ‘चिरंजीव’. कोणास साष्टांग नमस्कार, कोणास अनेक उत्तम आशीर्वाद. मुलांना हें सारें मीं पाठ करावयास लावलें. त्याचें मर्म मात्र मला त्या दिवशीं नीट उमगलें. मायना म्हणजे नुसता थाट नव्हे. लिहिणारा लेखणी उचलतो, तेव्हां पहिल्याच ओळींत आपलें व वाचणाऱ्याचें नातें काय, हें त्यास ठरवावें लागतें. तें एकदां ठरलें, कीं पुढचे शब्द आपोआप नीट येतात. ‘तीर्थस्वरूप आतोबांस साष्टांग नमस्कार’ असें लिहून झाल्यावर त्याखालीं ‘नोटेड’ हा शब्द कोणाच्याही हातून उतरणार नाहीं.

नातीस मीं मजकूर सांगितला नाहीं. तो तिचा तिनेंच लिहावयाचा होता. तिला तीन संध्याकाळी लागल्या. शेवटीं वाचावयास दिला, तेव्हां पाहिलें, कीं आरंभीं तिनें क्षमा मागितली होती, कामाच्या गर्दीची सबब न सांगतां. मग आत्यानें तिला पेटीवर पहिला सूर कसा धरावयास शिकविला, तें लिहिलें होतें. आणि पेटी मला हवी आहे, परंतु ती तुम्हींच घेऊन यावें, अशी विनंती अखेरीस होती. येथें प्रधान गोष्ट शेवटीं आली होती, आणि तेंच योग्य होतें. कचेरीच्या पत्रांत काम हें प्रधान. घरच्या पत्रांत माणूस प्रधान. अर्थक्रम तोच, प्रधान काय तेवढें बदललें.

माझ्या ई-मेलास तेराव्या दिवशीं उत्तर आलें. एक दाखला कमी होता, तो पाठविला, आणि दिवाळीपूर्वीं रक्कम जमा झाली. ई-मेल चांगला होता म्हणूनच पैसे मिळाले, असें मी म्हणत नाहीं. परंतु ज्या पत्रांत क्रमांकच नव्हता, त्याचें उत्तर तरी कचेरीनें काय द्यावें? ज्यांस मीं आठ महिने दूषणें दिलीं, त्यांची मनांत क्षमा मागितली.

भाद्रपदांत गणपतीस जांवई आले. पेटी त्यांनीं स्वतः उचलून आणली होती. वहिनींच्या डोळ्यांस तेव्हां अंधुकच दिसत होतें. परंतु आरतीच्या वेळीं नातीनें भाता धरला, तो सूर त्यांनीं लगेच ओळखला.

बहुत काय लिहिणें !