पांढऱ्या सुटाआडचा बातमीदार

टॉम वुल्फ म्हटलं की पांढरा सूट आठवतो आणि पाठोपाठ उद्गारचिन्हांनी खच्चून भरलेली वाक्यं. हा अमेरिकी पत्रकार-कादंबरीकार मे २०१८ मध्ये गेला, तेव्हाही त्या सुटाची आठवण निघालीच. मला मात्र वाटतं, या सुटाने त्याचं नुकसानच केलं. लोक शैली पाहत राहिले आणि तिच्याखालची पायपीट झाकली गेली.

१९६३ ची गोष्ट. कॅलिफोर्नियात मोटारींना मनाजोगता साज चढवणाऱ्या पोरांवर त्याला ‘एस्क्वायर’साठी लेख लिहायचा होता. माहिती ढीगभर जमली, पण लेख उतरेना. शेवटी संपादक बायरन डोबेलने सांगितलं, टिपणं टाइप करून पाठव, लेख दुसऱ्याकडून लिहून घेतो. वुल्फने रात्रभर बसून डोबेलला पत्र लिहावं तशी ४९ पानं लिहिली. डोबेलने वरचा मायना तेवढा काढला आणि बाकी मजकूर छापला. नव्या शैलीच्या जन्माची कथा म्हणून हा किस्सा सांगतात. त्या रात्री ४९ पानं भरतील एवढा ऐवज त्याच्या वहीत होता, ही गोष्ट मला जास्त मोलाची वाटते.

१९७३ मध्ये ‘द न्यू जर्नालिझम’ या संकलनात त्याने आपली हत्यारं उघडी करून दाखवली. प्रसंगामागून प्रसंग रचणं, संवाद पुरते देणं, एखाद्या पात्राच्या नजरेतून सांगणं आणि माणसाची समाजातली पत दाखवणारे तपशील टिपणं: कपडे, घरातलं सामान, नोकराशी बोलायची तऱ्हा. वास्तववादी कादंबरीतून उचललेली ही साधनं. कादंबरीकाराला ती कल्पनेने वापरता येतात. बातमीदाराला त्यासाठी माणसांसोबत दिवसच्या दिवस काढावे लागतात. ‘द राइट स्टफ’ (१९७९) या अंतराळवीरांवरच्या पुस्तकात प्रवासी विमानांचे वैमानिक संकटातही ज्या संथ, सैलसर सुरात बोलतात, त्याचा माग तो थेट चाचणी-वैमानिक चक येगरच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या बोलीपर्यंत काढतो. अशी गोष्ट टेबलाशी बसून सुचत नाही.

तपशिलाची हीच धार कधी क्रूरही झाली. संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाइनच्या घरी १९७० मध्ये खटल्यात अडकलेल्या ब्लॅक पँथर कार्यकर्त्यांसाठी निधी गोळा करण्याचा कार्यक्रम झाला. वुल्फने तिथले खाद्यपदार्थसुद्धा टिपले आणि यजमानांना हास्यास्पद करून सोडलं. लेख अफाट वाचनीय आहे. पण त्या आरोपींची पुढच्याच वर्षी निर्दोष सुटका झाली हे आठवलं, की त्यातलं हसू घशात अडकतं.

पन्नाशी ओलांडल्यावर तो कादंबरीकडे वळला, तेही बातमीदार म्हणूनच. ‘द बॉनफायर ऑफ द व्हॅनिटीज’ १९८४-८५ मध्ये ‘रोलिंग स्टोन’मधून क्रमशः आली, तेव्हा नायक शर्मन मकॉय लेखक होता. पुस्तक होताना वुल्फने त्याला वॉल स्ट्रीटवरचा रोखे-व्यापारी केलं. एका अर्थी जुना नायक मोडीतच काढला. न्यूयॉर्कचा त्या काळातला पैसा जिथे खेळत होता, तिथली माणसं पाहून केलेला हा बदल. वर्षाला जवळजवळ दहा लाख डॉलर कमावूनही मकॉय कर्जात कसा बुडतो, हे वुल्फ खर्चाच्या बाबी मांडून दाखवतो. पुस्तक १९८७ मध्ये आलं आणि त्याच ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला. दोन वर्षांनी ‘हार्पर्स’मधल्या निबंधात त्याने अमेरिकी कादंबरीकारांना बजावलं: घराबाहेर पडा, शहरात हिंडा.

त्याच्याच या कसोटीवर ‘बॉनफायर’ घासली, तर ती एका बाजूला उणी पडते. ब्राँक्सच्या न्यायालयातले सरकारी वकील, न्यायाधीश, पोलीस श्वास घेतात. ज्या कृष्णवर्णीय मुलाला मकॉयच्या मोटारीची धडक बसते, तो हेन्री लॅम कादंबरीभर रुग्णालयात बेशुद्ध पडून राहतो. त्याच्या आईच्याही मनात वुल्फ फारसा शिरत नाही. पार्क अॅव्हेन्यूवरच्या बुटांची किंमत जाणणाऱ्या या बातमीदाराने लॅमच्या घरातही तेवढाच मुक्काम ठोकायला हवा होता.