एडनचा थांबा : आगबोटींच्या वाटेवरील एक अपेक्षाभंग

एकोणिसाव्या शतकात मुंबईहून विलायतेस निघालेल्या प्रवाशाला दिसणारे पहिले परदेशी शहर बहुधा एडन असे. मात्र समुद्रापलीकडच्या जगाविषयी मनात बाळगलेल्या कल्पना शमसानच्या सुमारे ५५० मीटर उंचीच्या, काळ्या, उघड्याबोडक्या डोंगरापुढे टिकत नसत. उकाडा, धूळ आणि हिरवळीचा अभाव एवढीच नोंद करून बहुतेक प्रवासी पुढे सरकत. या अपेक्षाभंगाचे मूळ शहरात होते त्याहून अधिक त्या थांब्याच्या प्रयोजनात होते.

हे प्रयोजन म्हणजे कोळसा. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली, तेव्हा एडन गाठेपर्यंत तिच्यातला कोळसा संपत आला होता आणि तो पुन्हा भरण्यात तिचे कित्येक दिवस गेले. या मार्गावर कायमचे कोळसाठाणे, म्हणजे बोटींसाठी इंधन साठवण्याची जागा, हवे हे त्यातून स्पष्ट झाले. १९ जानेवारी १८३९ रोजी ब्रिटिशांनी एडन जिंकले, १८५० मध्ये ते मुक्त बंदर, म्हणजे आयात मालावर जकात न घेणारे बंदर, ठरवले आणि १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर तेथील वर्दळ झपाट्याने वाढली.

कोळसा भरला जात असताना बोटीवर राहणे नकोसे होई. कोळशाने लादलेले पडाव बोटीला येऊन भिडत, मजूर पाठीवर ओझी घेऊन फळ्यांवरून चढउतार करत, आणि काळी भुकटी आत शिरू नये म्हणून खिडक्या-दारे बंद केल्याने खोल्या भट्टीसारख्या तापत. त्यामुळे प्रवासी किनाऱ्यावर उतरत ते पुष्कळदा शहराच्या ओढीपेक्षा बोटीच्या जाचामुळे. आणि उतरत तेही स्टीमर पॉइंट, म्हणजे तवाही, या बोटींच्या सोयीसाठीच वसवलेल्या भागात, जेथे दुकाने, कचेऱ्या आणि वखारी यांपलीकडे पाहण्यासारखे थोडेच होते.

जुने शहर तेथून सुमारे आठ किलोमीटरांवर, विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात वसलेले असून त्यामुळेच त्याला क्रेटर हे नाव मिळाले. डोंगर फोडून काढलेल्या खिंडीतून तेथे पोहोचल्यावर अरब, सोमाली, यहुदी, पारशी आणि गुजराती व्यापाऱ्यांची वस्ती लागे. तेथील तवीला टाक्या, म्हणजे डोंगरावरून वाहणारे पावसाचे पाणी अडवून साठवण्यासाठी खडकात कोरलेले आणि गिलावा केलेले प्राचीन हौद, ब्रिटिशांनी गाळ काढून पुन्हा उघडे केले होते. परंतु पाऊस क्वचितच पडत असल्याने पाहुण्यांना ते बहुधा कोरडेच दिसत, आणि पाण्याच्या थेंबाथेंबासाठी माणसांनी किती विचारपूर्वक रचना केली होती हे घाईच्या भेटीत लक्षात येत नसे. समुद्राचे पाणी उकळून आणि त्याची वाफ थंड करून गोडे पाणी मिळवावे लागणाऱ्या गावात हिरवळ शोधणे व्यर्थच होते.

अपेक्षाभंगाला आणखी एक बाजू होती. एडनचा कारभार १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याकडे असल्याने तेथे रुपया चाले आणि टपालावर हिंदुस्थानचीच तिकिटे लागत. त्यामुळे परदेशी पोहोचूनही प्रवासी मुंबई सरकारच्याच अमलात असे. या अमलाचा खरा अर्थ मात्र चार घटका थांबणाऱ्यांपेक्षा वासुदेव बळवंत फडके यांच्या वाट्याला आला. ब्रिटिश सत्तेविरुद्ध बंड उभारणाऱ्या शिरढोणच्या या क्रांतिकारकाला जन्मठेप भोगण्यासाठी एडनच्या तुरुंगात ठेवण्यात आले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचा मृत्यू झाला.

म्हणूनच जुन्या प्रवासवर्णनांतील ‘रुक्ष एडन’ हा शेरा शहराविषयीचा निकाल मानू नये. कोळशाच्या वेळापत्रकाने प्रवाशाला काय दाखवले आणि काय दाखवले नाही, याचा तो पुरावा आहे. सुमारे ९३ वर्षे मुंबईशी बांधलेल्या या शहराचा इतिहास मराठी वाचकाने आपल्याच इतिहासाचा भाग म्हणून, बंदरापुरते न थांबता खिंडीपलीकडे जाऊन, समजून घेणे अगत्याचे आहे.