महागड्या देशातले पाच दिवस

परदेशप्रवास ही ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या मध्यमवर्गीय घरांना आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. एक काळ असा होता की परदेशी निघालेल्या माणसाला परकीय चलन मिळायचं ते अगदी मोजून. खिशात आठ डॉलर घालून विमानात चढल्याच्या आठवणी त्या पिढीतली माणसं आजही सांगतात. पुढे १९७३ चा ‘फेरा’ कायदा गेला, १ जून २००० पासून ‘फेमा’ लागू झाला आणि आज रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. म्हणजे सरकारचं बंधन सैल झालं. उरलं ते आपल्या खिशाचं बंधन. त्याचाच आज विचार करू.

उदाहरणासाठी स्वित्झर्लंड घेऊ. आपल्याकडे अनेकांच्या मनात असलेला हा देश आहे आणि जगातल्या महागड्या देशांत त्याचं नाव नेहमी वर असतं. २००५ च्या सुमारास एक स्विस फ्रँक पस्तीसेक रुपयांना पडायचा. आता तो शंभरीच्या वर गेला आहे. अशा देशात चार-पाच दिवस जायचं, तर बहुतेक माणसं काटकसर करतात. पण ती चुकीच्या जागी करतात. घरी बसून विमान, हॉटेल, सगळं घाईघाईत ठरवून टाकतात आणि तिथे पोचल्यावर कॉफीच्या प्रत्येक कपाला शंभराने गुणत बसतात. परिणाम असा होतो, की पैसे जायचे ते गेलेलेच असतात, आणि वर डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाऊन ‘तिकीट फार महाग आहे’ म्हणून माणसं परत फिरतात. माझं सांगणं इतकंच आहे की काटकसर घरून निघायच्या आधी करावी. तिथे गेल्यावर ठरवलेले पैसे मोकळ्या मनाने खर्च करावेत.

त्यासाठी खर्चाचे दोन भाग पाडा. एक ठोक खर्च आणि दुसरा रोजचा. विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा हा ठोक खर्च. तुम्ही तीन दिवस राहा की आठ, तो जवळपास तेवढाच येतो. शेंगेन व्हिसाचं मोठ्या माणसाचं शुल्क ११ जून २०२४ पासून ८० युरोंवरून ९० युरो झालं. केंद्राचा सेवा आकार वेगळा, आणि व्हिसा नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही. समजा, माणशी ठोक खर्च ९० हजार रुपये आणि रोजचा खर्च १५ हजार रुपये धरला. चार दिवसांची सहल दीड लाखात पडते, म्हणजे दिवसाला साडेसदतीस हजार. सात दिवसांची एक लाख पंचाण्णव हजारांत पडते, म्हणजे दिवसाला अठ्ठावीस हजारांच्या आत. याचा अर्थ प्रत्येकाने सात दिवस जावं असा नाही. पण तीन दिवसांसाठी इतक्या लांब जाणं सगळ्यात महाग पडतं, आणि त्याच पाच दिवसांत पॅरिस आणि व्हेनिसही कोंबणं त्याहून महाग पडतं. थोडे दिवस असतील तर एकच देश आणि शक्यतो एकच मुक्काम ठेवावा.

मुक्काम कुठे करायचा, हे आपल्या भागातल्या माणसाला वेगळं शिकवायला नको. नोकरी फोर्टात असली तरी आपण घर घेतलं डोंबिवलीला, कारण तिथे परवडलं आणि गाडी होती. हाच हिशेब तिथे लावायचा. झुरिक, ल्युसर्न, इंटरलाकेन या नावांच्या मागे न धावता रेल्वेच्या वाटेवरचं लहान गाव पाहावं. ओल्टन नावाचं एक गाव आहे. पर्यटकांच्या यादीत ते सहसा नसतं; पण ते स्वित्झर्लंडचं कल्याण जंक्शन आहे असं म्हणायला हरकत नाही. झुरिक, बर्न आणि बाझल इथून साधारण अर्ध्या तासावर, ल्युसर्न त्याहून थोडं पुढे. स्विस रेल्वेचा शून्य किलोमीटरचा दगडही तिथेच आहे. अशा गावात, स्टेशनापासून चालत जाता येईल असं आणि शक्य असेल तर स्वयंपाकघर असलेलं घर मिळतं का पाहावं. काही शहरांत हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यांना स्थानिक बस-ट्रामचा मोफत पास मिळतो. बाझलला तो मिळतो. खोलीचे दर ताडून पाहताना हेही जमेस धरावं.

आता प्रवास. आपल्या लोकलचा महिन्याचा पास साधारण पंधरा एकेरी तिकिटांच्या किमतीत येतो, म्हणजे आठ दिवस ये-जा केली की तो वसूल होतो. स्विस ट्रॅव्हल पासचं गणित याच जातीचं आहे. हा पास ३, ४, ६, ८ आणि १५ दिवसांचा मिळतो. त्यात रेल्वे, बस, बहुतेक तळ्यांवरच्या बोटी, शहरातल्या ट्राम आणि पाचशेहून अधिक संग्रहालयं येतात. २०२४ साली दुसऱ्या वर्गाचा तीन दिवसांचा पास २४४ फ्रँकना होता आणि चार दिवसांचा २९५ फ्रँकना. म्हणजे चौथा दिवस फक्त ५१ फ्रँकना पडला. सहा ते सोळा वर्षांच्या आतल्या मुलांना पासधारक आईवडिलांबरोबर फॅमिली कार्डावर फुकट जाता येतं. दोन मुलांच्या कुटुंबाला ही मोठी बचत आहे. मात्र पास सगळ्यांनाच फायद्याचा असतो असं नाही. एकाच गावात राहून एक-दोनच लांबचे प्रवास करायचे असतील, तर निम्म्या दरात तिकिटं देणारं हाफ फेअर कार्ड बरं पडतं. आधी कागदावर रोजचा प्रवास लिहून काढा, स्विस रेल्वेच्या संकेतस्थळावर सुट्या तिकिटांचे दर पाहा, बेरीज करा आणि मगच ठरवा.

डोंगरांच्या बाबतीत थोडा अधिक विचार हवा. युंगफ्राउयोख हे ३,४५४ मीटर उंचीवरचं स्टेशन १९१२ साली सुरू झालं. इंटरलाकेनहून तिथे जाऊन येण्याचं तिकीट सवलतीशिवाय दोनशे फ्रँकच्या वर जातं, आणि ट्रॅव्हल पास असला तरी वरच्या टप्प्याला फक्त काही टक्के सवलत मिळते. याउलट रिगी डोंगराची रेल्वे पासात पूर्ण समाविष्ट आहे. १८७१ साली सुरू झालेली ही युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे. ज्यांना बर्फातच उभं राहायचं आहे त्यांनी युंगफ्राउला जरूर जावं. ज्यांना तळी आणि डोंगररांगा डोळे भरून पाहायच्या आहेत, त्यांचं समाधान रिगीवर होतं. कुठेही जा, पण तिकीट काढण्यापूर्वी शिखरावरच्या कॅमेऱ्यातून त्या दिवशीचं आकाश पाहून घ्या. दोनशे फ्रँक देऊन धुक्यात उभं राहण्यासारखं दुःख नाही. म्हणून वेळापत्रकात डोंगरासाठी एक नव्हे, दोन दिवस मोकळे ठेवावेत.

खाण्याकडे येऊ. उपाहारगृहातला साधा एक पदार्थही पंचवीस फ्रँकच्या घरात जातो. पण तिथली माणसंही रोज बाहेर जेवत नाहीत. मिग्रो आणि कोप या दुकानांत पाव, चीज, फळं, सॅलड, दही वाजवी भावात मिळतं आणि संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या सुमारास ताज्या पदार्थांवर सवलतीच्या चिठ्ठ्या लागतात. रविवारी मात्र बहुतेक दुकानं बंद असतात. मोठ्या स्टेशनांतली उघडी असतात. पाणी विकत घेऊच नये. नळाचं पाणी उत्तम असतं, आणि एकट्या झुरिक शहरात पिण्याच्या पाण्याची बाराशेहून अधिक कारंजी आहेत. घरून भाजणी, मेतकूट, पोहे, चिवडा, कोरड्या चटण्या न्याव्यात. पेढे, बर्फी, श्रीखंड असे दुधाचे पदार्थ आणि मांसाचे पदार्थ नेऊ नयेत. ते नेण्यास मनाई आहे. हॉटेलच्या खोलीत शेगडी पेटवण्याचा प्रयोगही करू नये. धुराची घंटा वाजली तर वाचवलेले पैसे दंडात जातील. उपाहारगृहात गेलातच, तर बिलात सेवेचा आकार धरलेला असतो. वर टिप देण्याची सक्ती नसते.

पैसे कसे न्यायचे, यावरही बरंच काही अवलंबून असतं. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये असला तरी त्याचं चलन युरो नाही. युरो भरलेलं कार्ड तिथे वापरलं तर चलन पुन्हा बदलण्याचा आकार पडतो. म्हणून फॉरेक्स कार्डात फ्रँकच भरावेत. जोडीला थोडी रोकड पुरते, कारण तिथे बहुतेक ठिकाणी कार्ड चालतं. नेहमीचं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड परदेशात वापरलं की बऱ्याच बँका दोन ते साडेतीन टक्के जादा आकार आणि त्या आकारावर जीएसटी लावतात. तो आधी विचारून ठेवावा. दुकानातलं यंत्र कधीकधी विचारतं, ‘रुपयांत देणार की फ्रँकमध्ये?’ रुपये पाहून बरं वाटतं, पण तिथला बदलाचा भाव सहसा तोट्याचा असतो. फ्रँकच निवडावेत. चलन विमानतळावर न घेता आपल्याच भागातल्या बँकेत आणि अधिकृत विक्रेत्याकडे, दोन-तीन ठिकाणी भाव विचारून घ्यावं.

ज्यांना ही सगळी जुळवाजुळव झेपत नाही, किंवा घरातल्या वयस्कर मंडळींना घेऊन जायचं आहे, त्यांना गटसहल सोयीची पडते. १९८४ साली सुरू झालेल्या ‘केसरी’सारख्या कंपन्यांनी असंख्य मराठी माणसांना परदेश दाखवला. पण जाहिरातीतला आकडा आणि शेवटचा आकडा यांत फरक असतो. व्हिसा, विमा, डोंगरांची तिकिटं, कर आणि दुपारची जेवणं त्यात आहेत का, हे लेखी विचारावं. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस गोळा होतो. त्याचे दर अर्थसंकल्पांत बदलत आले आहेत, तेव्हा भरतानाचा दर विचारावा. तो खर्च समजू नये. विवरणपत्र भरताना तो आपल्या प्राप्तिकरात वळता होतो किंवा परत मिळतो. मात्र तोपर्यंत तेवढे पैसे अडकतात, याची तयारी ठेवावी.

दोन गोष्टींत मात्र हात आखडता घेऊ नये. पहिली, विमा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण सक्तीचं आहे. पण साठीच्या पुढच्या माणसांनी तेवढ्यावर न थांबता आधीचे आजार त्यात धरले आहेत का, हे वाचावं. रक्तदाब किंवा मधुमेह लपवून घेतलेली स्वस्त पॉलिसी ऐन वेळी कामाला येत नाही, आणि तिथल्या रुग्णालयाचं बिल निवृत्तीची पुंजी खाऊन टाकू शकतं. दुसरी गोष्ट, ज्यासाठी आपण गेलो तो अनुभव. तो डोंगर असेल, बोट असेल किंवा तळ्याकाठी एक निवांत जेवण असेल. त्याचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढावेत.

हिशेब सोपा ठेवायचा तर तीन पाकिटं करा. पहिलं ठोक खर्चाचं, ते निघण्यापूर्वीच रिकामं होतं. दुसरं रोजच्या फ्रँकचं. त्यात दिवसाचा आकडा ठरलेला असला की तिथे रुपयांत गुणाकार करत बसावं लागत नाही. तिसरं अडीअडचणीचं, ते शक्यतो तसंच परत आणायचं. ही तिन्ही पाकिटं भिशीतून, आवर्ती ठेवीतून वर्ष-दीड वर्षात भरता आली तर उत्तम. भरत नसतील तर सहल पुढच्या वर्षावर टाकावी, पण पाच दिवसांच्या सहलीसाठी तीन वर्षांचा हप्ता अंगावर घेऊ नये. डोंगर पुढच्या वर्षीही तिथेच असतील. आणि कर्जाशिवाय गेलेलं माणूस ते अधिक मोकळ्या मनाने पाहू शकेल.