आजोबांची पायपीट

ठाणेकर मित्रांनो, तुमच्या नौपाड्यातून रिक्षाने थोडे पुढे गेले, की समतानगरचा कोरम मॉल लागतो. २० फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे त्याच्या आवारात एक पाहुणा शिरला. चक्क बिबट्या! तिथून तो जवळच्या एका हॉटेलच्या तळघरात जाऊन बसला. शेवटी वनखात्याच्या माणसांनी त्याला भुलीचे इंजेक्शन देऊन पकडले.

बिबट्या दिसला, की मोठी माणसे हमखास म्हणतात, "लांबच्या जंगलात नेऊन सोडा, म्हणजे कटकट मिटेल!" मिटते का हो खरंच? वन्यजीवशास्त्रज्ञ विद्या अत्रेय या प्रश्नाच्या अगदी हात धुऊन मागे लागल्या.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात ऊस भरपूर. दाट ऊस म्हणजे बिबट्याला लपायला झकास जागा. २००१ ते २००३ या काळात तिथले २९ बिबटे पकडून दूरच्या रानात सोडले गेले. आता हल्ले थांबायला हवेत, नाही का? झाले उलटेच! माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ वर गेले. बरेचसे हल्ले तर बिबटे सोडले तिथेच आसपास झाले. तुम्हाला कोणी डोळे बांधून अनोळखी गावात सोडले, तर तुमची काय गत होईल? तसेच काहीसे त्या बिबट्यांचे झाले असावे.

मग अत्रेयबाईंनी तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले अकोले गाठले. शेतांच्या कडेला आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले. बिबट्याची विष्ठासुद्धा गोळा केली. नाक मुरडू नका! त्यातल्या केसांवरून त्याने काय खाल्ले ते कळते. भर शेतीच्या, माणसांनी गजबजलेल्या त्या मुलखात १०० चौरस किलोमीटरमध्ये सुमारे ५ मोठे बिबटे राहत होते आणि त्यांचे मुख्य खाणे होते कुत्री!

२००९ साली त्याच जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला एक नर बिबट्या विहिरीत पडला. तो इतका शांत, की त्याचे नावच पडले 'आजोबा'. त्याच्या गळ्यात ठावठिकाणा कळवणारा जीपीएस पट्टा बांधला, कातडीखाली इवलीशी चिप बसवली आणि त्याला माळशेज घाटात सोडले. आजोबा जे निघाले, ते थेट पश्चिमेला! कसाऱ्याजवळ रेल्वेचे रूळ ओलांडले, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, वसईची खाडी पोहून पार केली आणि साधारण महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर चालून बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात दाखल झाले. वाटेत एकाही माणसाला इजा नाही. घरी परतत होते की काय, ते आजोबांनाच ठाऊक!

अर्थात, बिबट्या म्हणजे मनीमाऊ नव्हे. जुन्नर-शिरूरकडे त्याच्या हल्ल्यात लहान मुलेही दगावली आहेत. येऊरच्या बाजूला राहणाऱ्यांनी अंधारात एकटे फिरू नये. उघड्यावर कचरा टाकू नये. कचऱ्यामागे कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या. आणि तो दिसलाच, तर बघ्यांची गर्दी करायची नाही. घाबरलेला बिबट्या गर्दीतून वाट काढताना पंजा मारतो. २०११ पासून उद्यानाच्या आसपासच्या लोकांना हेच समजावून सांगण्याचे काम वनखात्याने अत्रेयबाईंना बरोबर घेऊन केले.

त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईच्या वेशीवरच्या महामार्गावर एक बिबट्या वाहनाची धडक बसून मेला. चिप तपासली, तेव्हा कळले, ते आजोबा होते.