फुकटचं नव्हे, हक्काचं

वस्तीतल्या बायकांना रेशन कार्डाचे अर्ज भरून देणं, हे माझं गेल्या अनेक वर्षांचं काम. या कामात एक शब्द मला सारखा टोचतो, तो म्हणजे ‘फुकट’. ‘फुकट धान्य मिळतं म्हणून माणसं कामाला येत नाहीत,’ असं शिकलेले लोक म्हणतात. आणि धान्य घेणारी बाई म्हणते, ‘ताई, फुकटच्या धान्याचं वजन कसं विचारायचं?’ पहिलं बोलणं मी ऐकून सोडून देते. दुसऱ्यानं मात्र जीव तुटतो.

म्हणून या धान्यामागची गोष्ट थोडक्यात सांगते. २००१ साली सरकारी गोदामं धान्यानं भरली होती आणि राजस्थानसारख्या दुष्काळी भागात माणसं उपाशी होती. तेव्हा ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यायालयानं दिलेल्या आदेशामुळं अन्नाच्या योजनांना हक्काचं रूप आलं. शाळेत शिजवलेलं जेवण देण्याचा हुकूमही त्यातलाच. पुढं २०१३ मध्ये राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य, तर प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला ५ किलो. तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो, असा तेव्हाचा भाव. जानेवारी २०२३ पासून तेवढे पैसेही पडत नाहीत. म्हणजे माफ झाली ती किंमत. हक्क त्याच्या आधीपासूनचा आहे.

आता ५ किलोंचा हिशेब करा. दिवसाला माणशी १६५ ग्रॅमच्या आसपास पडतात. फार तर दोन भाकरींचं पीठ. तेल, डाळ, भाजी, मीठ विकतच आणायचं. एवढ्यावर कोण काम सोडून बसेल?

हक्क म्हटला की मागणं आलं. धान्य घेताना पावती मागावी आणि पावतीवरचे किलो पिशवीतल्या किलोंशी ताडून पाहावेत. कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सज्ञान बाईचं नाव असावं, असं कायदाच सांगतो. विटा वाहून, भांडी घासून बोटांच्या रेषा झिजतात, मशीन अंगठा घेत नाही. अशा वेळी कार्डावरच्या दुसऱ्या माणसाचा अंगठा चालतो. हक्काचं धान्य मिळालंच नाही, तर अन्नसुरक्षा भत्त्याची तरतूद आहे. तक्रार ऐकायला जिल्ह्याला अधिकारी नेमलेला असतो.

पण कार्ड असूनही ज्यांचं धान्य सुरू नाही, त्यांचं काय? कायद्यानं ग्रामीण भागातल्या ७५ टक्के आणि शहरातल्या ५० टक्के लोकांपर्यंत धान्य नेण्याची मर्यादा घातली, आणि ते आकडे २०११ च्या जनगणनेवरून ठरले. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ७ कोटी माणसं आली. पुढची जनगणना २०२१ मध्ये व्हायची, ती झाली नाही. मधल्या काळात लेकरं जन्मली, माणसं गाव सोडून शहरात आली. त्यांनी अर्ज केला की उत्तर मिळतं, ‘इष्टांक शिल्लक नाही.’ भूक मात्र इष्टांक पाहून लागत नाही.

तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना एकदा विचारा: कार्ड आहे का, धान्य सुरू आहे का, पावती मिळते का? अर्ज अडला असेल, तर अर्धा दिवस काढून त्यांच्याबरोबर रेशनच्या कचेरीत जा. तिथं शिकलेलं माणूस शेजारी उभं असलं, की पुष्कळदा उत्तर बदलतं. ते बदलायला नको, हे खरं. पण तोवर कुणीतरी शेजारी उभं राहायला हवं.